नॅचरल गट

"पाणी नको," मी ओरडले, पण तोवर आईनं तांब्या उपडा केला होता.

खंडेनवमीची सकाळ होती. देवघरासमोरच्या पाटावर आप्पांच्या पेढीतला पितळी तराजू, पोत्यात खुपसून हळदीचा नमुना काढायची सळई, आईची विळी, माझी पक्कड आणि यंदा प्रथमच, या सगळ्यांच्या मधोमध, झेंडूचा हार घालून, आप्पांची टेनिसची रॅकेट मांडली होती. बाकीच्या हत्यारांवर आईनं फुलानं चार थेंब शिंपडले. रॅकेटला मात्र तिनं गाळलेल्या पाण्याचा तांब्याभर अभिषेक घातला. पाणी तारांच्या चौकटींतून गळत, हळदकुंकू बरोबर घेत खाली फरशीवर आलं.

"का नको?" आईनं विचारलं. "सळईला चालतं, तराजूला चालतं. हिला काय होतंय?"

या प्रश्नाचं खरं उत्तर एकच होतं आणि ते त्या घरात, त्या पाटासमोर तोंडातून काढायची सोय नव्हती. मी म्हटलं, लाकूड फुगतं. आई म्हणाली, ही तर ॲल्युमिनियमची आहे. मी म्हटलं, मग गंजते. त्यावर आईनं स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांकडे एकदा पाहिलं आणि एकदा माझ्याकडे.

आप्पा हात जोडून, डोळे मिटून बसले होते. तसेच बसून ते म्हणाले, "त्रिशला, पूजेत वाद नको. नॅचरल गटातली तार आहे ती. झाडं पावसात भिजतात, त्यांना काय होतं?"

इथं आप्पांचा घोळ सांगायला हवा, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आप्पा म्हणजे जिनगोंडा मगदूम, सांगलीच्या पेठेतले हळदीचे अडते. आमचं घर कडक जैन. कांदा, लसूण, बटाटा उंबऱ्याच्या आत नाही, आणि दिवे लागायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकलेली. यात टेनिस कुठून शिरलं ते आप्पांनाही सांगता यायचं नाही. कॉलेजात असताना कुणीतरी हातात रॅकेट दिली, ती सुटलीच नाही. रोज दुपार कलली की पेढी मुनीमावर टाकून ते क्लबात जायचे आणि सूर्य खाली आला की जेवायला घरी धावायचे. त्यांचे सामने अंधारामुळं नव्हे, आमटीमुळं थांबायचे.

त्यांच्या खेळात जोर असा नव्हताच. पेढीवर ते गोड बोलून भाव पाडत, तसाच कोर्टावर चेंडू पाडत. समोरचा मागं उभा आहे असं बघून चेंडू हलकेच जाळीपलीकडे ठेवून द्यायचा, आणि तो धापा टाकत पुढं आला की त्याच्या डोक्यावरून मागं. हरलेला माणूस फार चिडायचा. आपल्याला कुणी मारलंच नाही आणि तरी आपण मेलो, असं त्याला वाटायचं.

मग त्यांचा उजवा कोपर धरला. चहाची बशी उचलताना हात थरथरायला लागला. रात्री कुशीवर वळताना ते कण्हायचे. आमच्या क्लबातच हाडांचे डॉक्टर होते, सरनोबत. त्यांनी कोपर दाबून पाहिला, रॅकेटच्या तारा अंगठ्यानं दाबून पाहिल्या आणि निकाल दिला, "आप्पा, हे कडक नायलॉन काढा. नॅचरल गट घाला. नाहीतर टेनिस सोडा."

टेनिसच्या जगात गट म्हणजे आतडं. गाईच्या आतड्याचे धागे पिळून, वाळवून केलेली तात. तिच्याइतकी मऊ, चेंडूचा हिसका स्वतःच पोटात घेणारी आणि हाताला झोंबू न देणारी तार दुसरी नाही. डॉक्टर इंग्रजीत बोलले होते. आप्पांनी ते मराठीत ऐकलं. त्यांच्या लेखी गट म्हणजे गट. हळदीत राजापुरी गट असतो, सेलम गट असतो. तसा तारांत एक नॅचरल गट आणि दुसरा केमिकल गट. त्यांना ते इतकं पटलं की त्याच दिवशी मुंबईला माझ्या मामेभावाला निरोप गेला, उत्तमातली नॅचरल गटाची तार पाठव.

पाकीट माझ्या हातात आलं, कारण त्या काळात क्लबातलं तारा ओढायचं यंत्र माझ्या ताब्यात होतं. बी.एस्सी. होऊन मी घरी बसले होते आणि स्थळं यायला लागली होती. मुलगी कुठंय म्हणून विचारलं आणि क्लबाच्या व्हरांड्यात यंत्राला लटकलीय असं उत्तर मिळालं, की निम्मी स्थळं परस्पर परत जायची. त्या यंत्राचे माझ्यावर फार उपकार आहेत. पाकिटावरचं वाचून मी तशीच डॉक्टरांकडे गेले. आप्पांनी काय ऐकलंय ते सांगितलं. डॉक्टर आधी पोट धरून हसले, मग गंभीर होऊन म्हणाले की पेशंट जेवढ्या माहितीवर बरा होतोय तेवढी त्याला पुरे, तू त्यात ज्ञान घालू नकोस. मी तारा ओढल्या. महिन्याभरात आप्पा बशी न हिंदकळता चहा प्यायला लागले.

पुढं जे झालं त्याला मात्र मी जबाबदार नाही. आप्पा प्रचाराला लागले. नायलॉन म्हणजे केमिकल, केमिकल हातात गेलं की कोपर जाणारच; जसा शुद्ध आहार तशी शुद्ध तार. क्लबात नवीन कुणी आला की त्याला धरून ते आपली रॅकेट दाखवायचे, तारांवर नख मारून आवाज ऐकवायचे आणि सांगायचे, ऐका, सात्त्विक आवाज आहे. सगळ्या क्लबाला खरं माहीत होतं. आमचं कोर्टही त्या वेळी शेणानं सारवलेलं असायचं. खाली गाईचं शेण, वर गाईचं आतडं आणि मधे अहिंसेवर बोलणारे आप्पा, हे दृश्य बघायला लोक मुद्दाम चहा घेऊन कठड्यावर बसायचे. पण सांगत कुणी नव्हतं. आधी गंमत म्हणून, आणि नंतर सांगितलं तर हा माणूस खेळायचा थांबेल म्हणून. आप्पा त्या पिळलेल्या आतड्यानं असा काही चेंडू ठेवायचे की हरणाराही दाद द्यायचा.

दाद न देणारा एकच होता, दिनकर तांबवेकर, दिवाणी वकील. वकीलसाहेब टेनिस उलटतपासणीसारखं खेळायचे. प्रत्येक चेंडूवर तुटून पडायचं, आवाज करायचा आणि चेंडू बाहेर गेला की रेषेवर आक्षेप घ्यायचा.

तारा ओढून घ्यायला येणाऱ्या पुरुषांचं एक मी त्या व्हरांड्यात शिकले. ते कसे खेळतात ते कधीच सांगत नाहीत. आपण कसे खेळतो असं त्यांना वाटतं, ते सांगतात. ज्यांचा चेंडू जाळीपर्यंत कसाबसा पोचायचा तेही म्हणायचे, मी जरा जोरकस खेळतो, जाड तार घाल आणि घट्ट ओढ. घट्ट ओढलेली तार चेंडूवर ताबा देते पण जोर देत नाही; जोर तुमच्या दंडात लागतो. ज्याच्या दंडात नाही त्याच्या कोपरात मग कळ येते. हे मी समजावून सांगितलं की ते माझ्याकडे असे बघायचे जसं काही मी त्यांच्या खाजगीत नाक खुपसलंय. किती पौंडावर ताण ओढायचा, यावर त्यांची पुरुषांची काही आपसातली शर्यत चालली होती. तांबवेकर सगळ्यांत पुढं. यंत्र ओढेल तेवढं ओढ म्हणायचे, आणि कोपराला पट्टा बांधून खेळायचे. पट्टा कशाला विचारलं तर म्हणायचे, घाम येतो.

मी मात्र माझ्या रॅकेटवर उलटं काहीतरी करून बघत होते. मुंबईची ती पाकिटं कधीतरी बंद होणार किंवा कधीतरी आप्पांना कळणार, तेव्हा त्यांच्या हाताला सोसेल असं दुसरं काही हवं होतं. म्हणून बारीक नायलॉन घेऊन मी ते अगदी कमी ताणावर ओढलं. चेंडू आत रुतायचा आणि भलताच लांब उडायचा, पण हाताला हिसका म्हणून बसायचा नाही. क्लबातल्या लोकांनी त्या रॅकेटला पिठाची चाळण असं नाव ठेवलं. तांबवेकरांनी तिच्यातून खरोखर पीठ चाळता येतं का, म्हणून मला विचारलं.

आणि दसऱ्याला दुपारी ज्येष्ठांची फायनल होती, आप्पा विरुद्ध तांबवेकर.

म्हणून मी ओरडले होते. आतड्याची तात पाणी प्यायली की फुगते, तिचे पीळ सुटतात. पूजा उरकताच मी रॅकेट गच्चीवर नेऊन वाळत घातली, पंख्याखाली धरली, तारांना मेण चोळलं. संध्याकाळी बघितलं तर तारांवर बारीक केस उभे राहिले होते. मुंबईचं नवं पाकीट घरात नव्हतं. मी आप्पांना परोपरीनं सांगितलं की उद्या माझी रॅकेट घ्या. ते म्हणाले, पूजा झालेली रॅकेट सोडून चाळणीनं खेळू होय?

दसऱ्याला क्लबात गर्दी होती. पहिला सेट आप्पांनी घेतला, दुसरा तांबवेकरांनी. तिसऱ्यात आप्पा पुढं होते. वकीलसाहेब मागच्या रेषेवर होते, सगळा क्लब ओळखून होता की आता चेंडू जाळीपलीकडे पडणार. आप्पांनी रॅकेट हलकेच खाली आणली आणि टण्‌ असा आवाज झाला. चेंडू जाळीत गेला. रॅकेटच्या मधोमध दोन तारा तुटून लोंबत होत्या.

तांबवेकर जाळीपर्यंत चालत आले. वाकून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अरेरे. आप्पा, आतडं तुटलं हो."

कठड्यावरचे दोघेतिघे हसले. आप्पाही हसले. त्यांना वाटलं वकील कळवळून बोलतायत. "माझं कशाला आतडं तुटतंय?" ते म्हणाले. "एक पॉइंट तर गेला. तार तुटलीय, दुसरी घालू."

"तार नव्हे आप्पा. आतडंच. गाईचं. इंग्रजीत आतड्याला गट म्हणतात." तांबवेकर म्हणाले. "तुम्हाला काय वाटलं?"

आता कुणी हसलं नाही. खुद्द तांबवेकरांचाही चेहरा, बोलून झाल्यावर, उतरल्यासारखा झाला. आप्पांनी डॉक्टर सरनोबतांकडे बघितलं. डॉक्टर झाडावरचं काहीतरी निरखत होते. मग आप्पांनी माझ्याकडे बघितलं.

"होय?"

"होय, आप्पा," मी म्हटलं.

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून बाकावर पसरला. त्यावर रॅकेट ठेवली, लोंबणाऱ्या तारा नीट आत घेतल्या आणि टॉवेलची टोकं वरून घातली. मग नळाखाली हात धुतले. एकदा धुतले, पुन्हा धुतले. आता ते घरी जाणार, पुन्हा कधी क्लबाची पायरी चढणार नाहीत, असं मला वाटलं. हात पुसत ते माझ्यापाशी आले आणि खालच्या आवाजात विचारलं, "आईला माहितीय?"

मी म्हटलं, नाही. आईला कसं माहीत असणार?

"मग तुझी रॅकेट दे. अर्ध्यातनं घरी गेलो तर तिला कारण सांगावं लागेल."

ते माझी चाळण घेऊन कोर्टावर गेले. वकीलसाहेबांचा चेहरा एव्हाना पुन्हा वर आला होता. ते म्हणाले, आप्पा, अहो ही ढिली आहे.

"ढिली नाही, वकीलसाहेब," आप्पा म्हणाले. "मोकळी आहे."

पहिलाच चेंडू त्यांनी नेहमीसारखा हलका मारला, तो कुंपणावरून रस्त्यावर गेला. दुसरा भेळवाल्याच्या चटणीत सापडला. लागोपाठ तीन गेम गेले. मग आप्पांच्या लक्षात आलं की या रॅकेटला मारायचंच नसतं, नुसतं दाखवायचं असतं. त्यांनी दाखवायला सुरुवात केली. चेंडू उंच उंच जाऊन मागच्या रेषेपाशी उतरायला लागले आणि तांबवेकर मागं-पुढं धावून घामाघूम झाले. पण तोवर उशीर झाला होता. शेवटचा चेंडू बोटभर बाहेर पडला आणि चषक वकीलसाहेबांना मिळाला. त्यांना टाळ्या पडल्या त्या गारठलेल्या होत्या. आप्पांनी रीतसर हात मिळवला, मला रॅकेट परत दिली आणि हात दोनदा दुमडून सरळ केला.

"दुखत नाही गं," ते म्हणाले. पण ते त्यांनी दुसऱ्याच कुणाच्या हाताबद्दल सांगितल्यासारखं सांगितलं.

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. आईला पोट बिघडलंय असं सांगितलं. दुसऱ्या दिवशीही उपवास. पेढीवर जायचे, यायचे, आणि दुपार कलल्यावर कोचावर बसून भिंतीकडे बघायचे. टॉवेलात गुंडाळलेली ती रॅकेट माझ्या कपाटात वर होती. क्लबात जाऊया का म्हटलं की मानेनंच नाही म्हणायचे. एकदा मला म्हणाले की मी शेदीडशे माणसांना सात्त्विक आवाज ऐकवलाय, त्यांतल्या कुणाला मी आता तोंड दाखवू? मी हसू दाबलं, पण मला रडूही येत होतं. कोपर बरा होता, चाळण हाताला चालत होती आणि तरी आप्पांचं टेनिस संपलं होतं. आईसमोर हे सगळं उच्चारायचीही चोरी. तिला कळलं तर रॅकेटच्या पाठोपाठ आपणही घराबाहेर जाणार, असं आप्पाच म्हणाले.

मग एका सकाळी तांबवेकर घरी आले. सोनं द्यायला आलो, म्हणाले. दसरा होऊन बरेच दिवस झाले होते. आईनं बेसनाचा लाडू दिला, तो त्यांनी खाल्ला. दुसरा दिला, तोही खाल्ला. आप्पा आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. वकीलसाहेबांनी हळदीच्या भावाची चौकशी केली, माझ्या लग्नाची केली, आणि सगळे विषय संपल्यावर कोचामागं ठेवलेली स्वतःची रॅकेट काढून माझ्यापुढं धरली. पट्ट्याच्या जागी कोपराला आता मलमपट्टी होती.

"हिच्यात जरा तशी तार घाल," ते म्हणाले.

"कशी?"

"तशीच. आप्पांनी शेवटी घेतलेली."

"ढिली?"

तांबवेकरांनी आतल्या दाराकडे बघितलं. मग आयुष्यात प्रथमच आवाज खाली आणून म्हणाले, "मोकळी."

आतून खाट करकरली आणि आप्पांचं हसू ऐकू आलं. दसऱ्यानंतर ते पहिल्यांदाच हसत होते. बराच वेळ हसले. मग बाहेर आले, वकीलसाहेबांच्या हातातलं आपट्याचं वाळलेलं पान घेतलं आणि आईला म्हणाले की मलाही एक लाडू दे.

वकीलसाहेब गेल्यावर आप्पांनी मला बाजूला घेतलं. हरिपूरला पेव बघायला जाऊ, टॉवेलातल्या त्या रॅकेटच्या तारा कापून घेऊन चल, म्हणाले. सांगलीजवळ हरिपूरला तेव्हा हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे, खोल, कोरड्या मातीत. आप्पांचं त्या मातीवर फार प्रेम. तिथं ठेवलेलं नासत नाही, असं ते म्हणायचे. मी पिशवी घेऊन जीपमध्ये बसले, तर मागं आई येऊन बसली. आप्पांनी तिला सांगितलं की नुसती हळद बघायला चाललोय, उन्हाची कशाला येतेस. ती म्हणाली, मीही बघेन हळद, पंचवीस वर्षं नुसती आमटीत बघतेय.

हरिपूरला एका बुजलेल्या पेवाशेजारी आप्पांनी जीप थांबवली. खाली उतरून ते नुसते उभे राहिले. पिशवी माझ्या हातात, खुरपं त्यांच्या हातात आणि आई दोघांकडे बघत. शेवटी तेच बोलले.

"रत्ना, या पिशवीत जे आहे ना..."

"तात आहे," आई म्हणाली. "पुरा की. उन्हात का उभं केलंय पोरीला?"

आप्पांच्या हातातलं खुरपं खाली पडलं.

"मी मिरजेची आहे," आई म्हणाली. "आमच्या दारासमोर सारंगी करणारे राहायचे. ओल्या तातीचा वास मला लहानपणापासून माहितीय. तुमची रॅकेट पहिल्या पावसाळ्यात निजायच्या खोलीत खुंटीला लावलीत, त्या दिवशीच आला मला."

"म्हणजे दोन वर्षं तुला माहिती होतं?" आप्पांनी विचारलं. "मग बोलली का नाहीस?"

आईनं पदर सारखा केला. "बोलणार होते," ती म्हणाली. "पण त्या रात्री तुम्ही कुशीवर वळलात आणि कण्हला नाहीत."

आप्पा मटकन खाली बसले, तिथंच मातीत, पांढऱ्या धोतरासकट. त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. माझी आई पाणी गाळून प्यायची, चालताना पायाखाली मुंगी बघायची. तिनं दोन वर्षं तो वास नाकाशी घेऊन त्या खोलीत झोप काढली होती आणि एका शब्दानं कुणाला सांगितलं नव्हतं. मला आजवर बघितलेल्या कुठल्याच माणसाचं इतकं कौतुक वाटलेलं नाही. मी खुरपं उचललं आणि खड्डा खणला. तारा कापून मी पांढऱ्या कापडात बांधून आणल्या होत्या, त्या आप्पांनी आपल्या हातानं आत ठेवल्या. हात जोडून ते तिला, म्हणजे त्या गाईला, काहीतरी म्हणाले. फक्त "कोपर" एवढा शब्द मला ऐकू आला. आईनंही हात जोडले.

माती लोटून झाल्यावर मला राहवलं नाही. मी विचारलं, "आई, मग खंडेनवमीला पाणी?"

"तिला पूजेत ठेववत नव्हतं मला. तोंडानं सांगवतही नव्हतं," ती म्हणाली. "म्हटलं, पाण्यावर सोडावं. तुटली तर सुटले, नाही तुटली तर खेळू देत."

आप्पांनी डोळे पुसले. मग त्यांच्या कपाळावर हळूहळू आठी चढली.

"ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण फायनलच्या आदल्या दिवशी?"

"खंडेनवमी काय मी ठरवते?"

"अगं, मी पुढं होतो."

"दिसलं असेल लोकांना," आई म्हणाली आणि जीपकडे चालायला लागली.

त्यानंतर आप्पा मोकळ्या रॅकेटनं खूप वर्षं खेळले. पुढं माझं लग्न झालं, तारांच्या यंत्राला न घाबरणारा एक नवरा मिळाला, तरी त्यांच्या तारा मीच ओढायचे. नायलॉनला पाण्यानं काही होत नाही, हे मी त्यांना परत परत सांगितलं, आणि ते दर वेळी मान हलवून हो म्हणायचे. पण दर खंडेनवमीला पाटावर तराजू असायचा, सळई असायची, विळी असायची, आणि रॅकेट आदल्या दिवसापासून तांबवेकरांच्या घरी.